आत कापड सोडू नये

हात प्लॅस्टरमध्ये गेल्यापासून टेलरबाई स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसत होत्या, आणि बसणं हे एक काम त्यांना जन्मात जमलं नव्हतं. माळ्यावरून अस्तराचा तागा काढताना शिडी सरकली, उजवं मनगट मोडलं, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. पहिल्या आठवड्यात त्यांनी डाव्या हातात खडू धरून पाहिला. पँटीचा एक पाय सरळ आला आणि दुसरा बाजाराला निघाल्यासारखा वळला. तेव्हा नवऱ्याने आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

वन्सं दुसऱ्या दिवशी डबा, चष्मा आणि स्वतःची कात्री घेऊन हजर. बावीस वर्षं त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात काढली होती. शिवण अशी, की पट्टी लावून तपासावी. फक्त हसण्याचा विभाग त्यांच्याकडे उघडायचाच राहून गेला होता. विनोद सांगितला की वन्सं शेवटपर्यंत नीट ऐकून घेत आणि विचारत, "मग पुढे काय झालं?"

तर अशा वन्संच्या पाठीकडे बघत टेलरबाई दिवस ढकलत होत्या. मशीन दुसऱ्याच्या पायाने चाललेलं ऐकलं की त्यांचे पाय स्टुलाखाली हलायचे. प्लॅस्टरच्या आत खाज सुटायची, तिथे त्या विणकामाची सुई घालायच्या. दर पाव तासाने उठून रांगेतले हँगर एकसारखे करायच्या. वन्सं मान वर न करता म्हणायच्या, "वहिनी, बसा."

त्या बुधवारी हँगर सारखे करता करता त्यांचं लक्ष एका शर्टाकडे गेलं. कॉलरला टाचणीने चिठ्ठी लावली होती. वन्संच्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "खोटे दात. बोलताना हात तोंडावर धरतो. उजवी बाही अर्धा बोट लांब."

टेलरबाईंनी ते दोनदा वाचलं.

आता इथे त्यांच्या मापाच्या वहीबद्दल सांगायला हवं. टेलरबाईंना माणसांची नावं राहत नसत, शरीरं राहत. म्हणून वहीत डावीकडे मापं आणि उजवीकडे, नावाच्या जागी, ज्यावरून माणूस आठवेल ती खूण. "पोट आत घेतो, दोन बोटं जास्त." "डावा खांदा पडका, ताठा मात्र दोन्ही खांद्यांचा." "नवऱ्याची तक्रार सुरू झाली की हलते, आधी छातीचं माप उरकावं." कपडा बसायचा तो या ओळींमुळे. आणि खरं सांगायचं तर, दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजणाऱ्या बाईला हसायला दुसरं होतं काय? गिऱ्हाईक गेलं की ती ओळ लिहायची, वही मिटायची, आणि पुढचा अर्धा तास मशीन हलकं चालायचं. वही तीस वर्षांत दुसऱ्या कुणी उघडली नव्हती.

"वन्सं, हे काय लावलंय?"

"चिठ्ठी. कारखान्यात चिठ्ठीशिवाय कपडा दाराबाहेर जात नव्हता."

"आणि हे लिहिलंय कुणी?"

"तुम्हीच. मी फक्त उतरवलं," वन्सं म्हणाल्या. "मोठी ओळ असली तर शेवटचं तेवढं घेतलं. चिठ्ठी लहान आहे."

टेलरबाईंना हसू फुटलं. ते गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, कारण त्यांना मंगळवार आठवला. काल त्या दिवसभर दवाखान्यात प्लॅस्टर दाखवायला बसल्या होत्या, आणि काल कपडे न्यायचा वार होता. किती पुडकी गेली म्हणून विचारलं, तर पाच. त्यातली दोन निर्धोक होती. त्यांवर नुसतं "थोरली" आणि "धाकटी, पण उंच" असणार. तिसरं औषधवाल्याचं, म्हणजे पोट आत घेणाऱ्याचं. चौथं गाण्याच्या बाईंचं. आणि पाचवं घड्याळवाल्यांचं.

घड्याळवाल्यांच्या पानावर आपण काय लिहिलंय, हे त्यांना चटकन आठवेना. त्यांनी डाव्या हाताने वही उघडली. पान जुनं होतं. कंबर चौतीस, चौतीस, मग पस्तीस. त्याखाली, महिन्यापूर्वीचं: "कंबर तीस. बायको गेली. जुना कोट अंगावर लटकतो म्हणून नवा. आत कापड सोडू नये, लागणार नाही."

कोट शिवताना शिवणीच्या आत दोन्हीकडे दीड-दीड बोट कापड दडवून ठेवायचं असतं. माणूस अंगाने भरला की शिवण उसवून तेवढं कापड बाहेर काढायचं. शिंप्याने प्रत्येक कोटात माणसाची पुढची दहा वर्षं सोडून ठेवावीत, असं टेलरबाईच सगळ्यांना सांगत. आणि त्यांनीच त्या दिवशी त्या वाळलेल्या माणसाकडे बघून लिहून टाकलं होतं, लागणार नाही. वाईट हेतूने नव्हे. डोळ्यांना दिसलं ते हाताने लिहिलं. पण ती ओळ आता टाचणी लावून त्यांच्या घरी गेली होती.

"याचं शेवटचंच घेतलंत का?" त्यांनी विचारलं. वन्संनी वहीत डोकावून बघितलं आणि हो म्हणाल्या.

टेलरबाईंनी चपला घातल्या. कुठे निघालात, हा प्रश्न येईपर्यंत त्या रस्त्यावर होत्या.

सरळ घड्याळवाल्यांकडे जायला हवं होतं. पाय मात्र गाण्याच्या बाईंकडे वळले, कारण ते घर जवळ होतं आणि धैर्य लांब होतं. बाई एका मुलीकडून तोच तोच सूर घोटून घेत होत्या. पुडकं टेबलावर, दोरीसकट. आत टाचणी राहिली असेल, टोचेल, असं सांगून टेलरबाईंनी एका हाताने आणि दातांनी गाठ सोडली. स्कर्टवरची चिठ्ठी म्हणत होती: "कंबर मागच्या वर्षीचीच सांगते. ऐकून घ्यावं, लिहू नये." त्यांनी ती प्लॅस्टर आणि मनगटाच्या फटीत सरकवली. गाण्याच्या बाईंनी विचारलं, कंबर नीट घेतली ना, सव्वीसच आहे माझी. टेलरबाई म्हणाल्या, अगदी. शिकणाऱ्या मुलीचा सूर तेवढ्यात बरोबर लागला, पण कुणाचंच लक्ष नव्हतं.

औषधवाल्याचं दुकान रस्त्यातच होतं. नजर चुकवून पलीकडून जावं म्हटलं, तर त्याने काउंटरवरूनच हाक मारली. दुकानात खोकल्याची चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "टेलरबाई, बायकोने चिठ्ठी आरशाला चिकटवली आहे. सकाळपासून घरात मला त्याच नावाने हाक मारतात." तो रागावलाय की नाही, हे टेलरबाईंना कळेना. त्यांनी प्लॅस्टर पुढे करून माफी मागितली, जणू हात मोडल्यामुळेच ते सगळं झालं होतं. तो म्हणाला, पँट झकास बसली आहे, नऊ वर्षांत पहिल्यांदा समजलं की का बसते. आणि बोलता बोलता त्याने पोट आत घेतलं. खोकणारी बाई हसली, तिला ठसका लागला, तिला पाणी देण्याच्या गडबडीत टेलरबाई निसटल्या.

एरवी एवढं दृश्य त्यांना आठवडाभर पुरलं असतं. आज ते त्यांनी हातातही घेतलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर घड्याळांचं दुकान होतं. कोपऱ्यापर्यंत पोचताना त्यांनी तीन खोटी कारणं तयार केली. चिठ्ठी दुसऱ्याच कोटाची होती. चिठ्ठी अस्तराबद्दल होती. नणंदेला नीट दिसत नाही. तिसरं त्यांनी लगेच रद्द केलं; वन्संना सुईचं नेढं तीन हातांवरून दिसायचं.

घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी बघितलं, मान हलवली, खुर्चीकडे बोट केलं. टेलरबाई उभ्याच राहिल्या. घड्याळवाल्यांनी काउंटरखालून कोट काढला. तो उलटा केलेला होता. अस्तराची कड तीन बोटं उसवलेली होती, इतकी नेमकी की कुणा शिंप्यानेच उसवली म्हणावं.

"मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही," ते म्हणाले. "चिठ्ठीत आहे, कापड सोडू नये, लागणार नाही. आत बघतो तर दीड बोट. दुसऱ्या बाजूला, तेवढंच." त्यांनी भिंग कपाळावर चढवलं. "मी खरं कुणाचं धरू?"

टेलरबाईंनी वाकून बघितलं. कापड होतं. दीड बोट, काठोकाठ, इस्त्री करून आत बसवलेलं. उरलेली दोन्ही कारणं डोक्यातून उडाली.

"चिठ्ठी माझी आहे," त्या म्हणाल्या. "शिवण नणंदेची. त्यांनी माझं उतरवलं तंतोतंत, पण शिवलं त्यांच्या पद्धतीने. कापड सोडल्याशिवाय त्या शिवणारच नाहीत, कुणीही काहीही लिहू दे."

"म्हणजे तुम्ही मला मोडीत काढलं होतं."

"हो," टेलरबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? "चुकलं माझं."

घड्याळवाल्यांनी उसवलेली कड अंगठ्याने दाबून सरळ केली. मग म्हणाले, "मीसुद्धा काढलंच होतं." आणि कोट सुलटा करून काउंटरवर पसरला.

टेलरबाईंना तसं नुसतं उभं राहवेना. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून त्या घाईघाईने म्हणाल्या, बटणं मात्र मी मुद्दाम सांगून लावून घेतली, घरच्या वहिनी दर वेळी माझ्या एकाच डब्यातली निवडायच्या.

घड्याळवाल्यांनी बटणांकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं, आत कुणी ऐकायला येतंय का अशा नजरेने.

"मला ही कधीच आवडली नाहीत," ते हळूच म्हणाले. "बशीएवढी. सव्वीस वर्षं घालतोय."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुम्ही तिला भेटला होतात ना?"

भेटल्या होत्या. ट्रायलच्या वेळी त्या बाई नवऱ्याला खांद्याला धरून गोल फिरवायच्या आणि मत विचारायच्या टेलरबाईंना. ते दोघांनाही, काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे, एकदमच आठवलं असावं. टेलरबाईंच्या तोंडून हसू सुटलं, आवरायच्या आत. घड्याळवाले खाली बघत होते; त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय म्हणून त्या घाबरल्या, तर ते हसत होते, थोडं रडतही होते, आणि कपाळावरचं भिंग घसरून नाकावर आलं होतं. हात हलल्याने प्लॅस्टरमधली चिठ्ठी निसटून जमिनीवर पडली. टेलरबाईंनी तिच्यावर पाय ठेवला.

"लहान लावा," ते डोळे पुसत म्हणाले. "चपटी. ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही अशी बटणं."

परत येताना कोट त्यांच्या डाव्या खांद्यावर होता आणि पाय जमिनीला लागत नव्हते. आता एवढं सगळं सांगायचं कुणाला? नवरा संध्याकाळशिवाय भेटणार नाही. वहीत लिहावं तर हात नाही. राहिल्या वन्सं. टेलरबाईंनी सगळं सांगितलं, अगदी खांदे कसे हलत होते तेसुद्धा करून दाखवलं. वन्संनी मशीन थांबवून शेवटपर्यंत ऐकलं.

"कापड का सोडलंत हो?" टेलरबाईंनी विचारलं. "मी नको लिहिलं होतं ना?"

"तुम्ही काहीही लिहाल," वन्सं म्हणाल्या. "माणूस आहे तर कापड लागणारच." त्यांनी कोट मांडीवर घेतला, एक बटण उलटसुलट करून बघितलं. "काज मोठी आहेत. लहान बटण त्यांतून सुटून येईल. पहिलं हात वर केला की उघडेल."

हे टेलरबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला.

"काज दोन्ही टोकांनी बारीक करते. कळणार नाही. अर्धा दिवस द्या मला." वन्संनी सुई शोधली, दोरा ओवला, एका फटक्यात. मग एक बशीएवढं बटण कापून तळहातावर ठेवलं. "सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला. गेला की नाही, याची टेलरबाईंना खात्री नव्हती.

"मग पुढे काय झालं?" वन्संनी विचारलं.

"पुढे तुम्ही काज करताय."

"मग बसा की, वहिनी."

टेलरबाई बसल्या. चार मिनिटं.