जेवणानंतरचा चहा

सासूबाईंच्या डाव्या पायाचा अंगठा आज हलत नव्हता. एरवी संध्याकाळी त्या आडव्या झाल्या की आधी तो अंगठा वळायचा, मग पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखे व्हायचे आणि मी पाय दाबायला बसायचे. माझे पती गेल्यापासून आर्वीच्या या घरात माझे तेवढेच काम होते. रडू येत नव्हते, दुसरेही काही वाटत नव्हते. नागपूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी जागा होती. कोणी विचारले की मी म्हणायचे, "सासूबाईंचे पाय कोण दाबणार?"

आज निर्जला एकादशी होती. जेवण नव्हते, त्यानंतरचा कडक चहाही नव्हता. पायांच्या त्रासाचे दोन्हींतले कारण कोणते, हे एका दिवसात ठरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी जेवण वाढले आणि चहा तेवढा बंद केला.

"चहा नाई तं मंग जगू कायले?" सासूबाई करवादल्या. पण पाय शांत राहिले. आठवड्याने त्यांनी हट्टाने कपभर चहा घेतला, तेव्हा अंगठा पुन्हा वळू लागला. त्यानंतर त्यांनी स्वतःच जेवणानंतरचा चहा सोडला.

पुढे एका संध्याकाळी सवयीने मी त्यांच्या पायाशी बसले, तर त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

"माह्ये पाय बरे हायेत, शरयू. आता लोकायले काय सांगशीन?"

माझे हात मांडीवर तसेच पडून होते.

"आई," मी म्हणाले, "मी नागपूरला जाते."