कासवावरची भुलाबाई

दिवेलागणीला घरातल्या बाईनं घरात असावं, एवढी साधी गोष्ट, पण देवश्रीला ती कोणी शिकवलीच नव्हती. उन्हं कलली की ही चपला सरकवणार, सहा वर्षांच्या लेकीचं, चित्राचं, बोट धरणार आणि "आई, हम आते हैं थोडं फिरून" असं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत उंबऱ्यावर टाकून चालती होणार. मागं इंदूबाईंनी देवापाशी दिवा लावायचा आणि नव्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंतींकडे बघत बसायचं.

"मी सून आणली का पोस्टमन आणला रे?" त्या लेकाला म्हणायच्या. सचिन छत्तीसगढच्या मंत्रालयातून थकून आलेला असे. तो आईला "हव" म्हणे, बायकोलाही "हव" म्हणे आणि दोघींच्या मधून टीव्ही बघे.

देवश्रीचं माहेर रायपूरचंच. नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडं आलेलं घराणं. मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडायची. इंदूबाई अकोल्याकडच्या. शाळा चौथीत सुटली, लग्न होऊन शालिग्रामरावांच्या मागं रायपूरच्या रेल्वे कॉलनीत आल्या, आणि पुढं उभी हयात ती कॉलनी त्यांनी जिभेवर चालवली. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची पोट्टी दाखवायची आहे, कोणाच्या लोणच्याला बुरशी आली, सगळं आधी त्यांच्या ओट्यावर यायचं. यजमान गेले, आणि आषाढात सचिननं त्यांना रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत आणलं. इथं ओटाच नव्हता. रस्ता तर एवढा रुंद, की पलीकडं कोणी मेलं तरी इकडं सुतक लागू नये.

गणपती उठले आणि भादव्याची पुनव जवळ आली, तशी इंदूबाईंची जीभ जास्तच धारदार झाली. कारण त्या कोणाला सांगत नव्हत्या. पुनवेला भुलाबाई बसते. पार्वतीच ती, महिनाभर माहेरी येते आणि कोजागिरीला जाते. तोवर रोज संध्याकाळी पोरींनी घरोघर जायचं, टाळ्या वाजवत तिची गाणी म्हणायची आणि शेवटी झाकल्या डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय दाणाही मिळत नाही. कॉलनीत पहिला मान इंदूबाईंच्या घरचा असायचा. डबा कानाशी हलवून आतलं सांगण्यात त्यांचा हात कोणी धरला नव्हता.

आणि आता?

"यंदा भुलाबाई मांडू नोका," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "कोण गाईन? ह्या भिंती गाईन का?"

बोलून गेल्या, पण बोललेलं त्यांनाच लागलं. चित्राच्या वयाच्या असतानाच त्यांनी स्वतः ती गाणी उचलली होती, आईच्या मांडीला मांडी लावून. पुस्तकात नव्हतीच ती कधी. तोंडातून कानात आणि कानातून तोंडात. पोरीचं हे वर्ष कोरडं गेलं की पुढचंही जाणार, आणि मग एक दिवस इंदूबाईंबरोबर ती गाणीही लाकडांवर चढणार. चित्राला "आजी, पाणी दे" एवढं मराठी येत होतं, तेही तहान लागली तरच.

देवश्रीनं फक्त भाजी वाढली. न बोलणं ही तिची दुसरी खोड.

पुनवेच्या संध्याकाळी ती परतली ती एकटी नव्हती. मागं चित्रा, चित्राच्या मागं इमारतीतल्या तीन पोट्ट्या, आणि त्यांच्या मागं हातात सूप धरून एक काळीसावळी म्हातारी, कोपरापर्यंत गोंदलेली.

"आई, ही सुकवारो दाई. खाली दुसऱ्या मजल्यावर राहते, बेटे के पास. तिनं आपली भुलाबाई बनवली."

दाई म्हणजे छत्तीसगढीत आई. सुपात ओल्या मातीची जोडी होती. शंकर नंदीवर बसलेला, ते ठीकच. पण पार्वती? इंदूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय हाय खाली?"

"कछुआ," सुकवारो म्हणाली. "हमर गौरी ह कछुआ म बइठथे, दीदी."

छत्तीसगढी लोकांकडे दिवाळीला गौरा-गौरी मांडतात, त्यातली गौरी कासवावर बसते. देवश्रीनं तिला शंकर-पार्वती एवढंच सांगितलं होतं. म्हातारीनं गावाच्या तळ्याची माती मागवून आपल्या हाताच्या सवयीनं घडवली.

"अवो बाप्पा!" इंदूबाईंनी कपाळाला हात लावला. "माही भुलाबाई माहेरले निघाली अन् तुम्ही तिले कासवावर बसवून देल्ली? पोचन कधी ते? कोजागिरी होऊन दिवाळी येईन!"

देवश्रीनं हळूच त्याचं हिंदी केलं. सुकवारोचे उरलेसुरले दात चमकले.

"पहुँच तो गे हे, दीदी. देख, तोर दुवारी म हे."

पोचली तर आहे, तुझ्या दारात. दारात आलेल्या लेकीला परत पाठवायची रीत नाही. त्यांनी पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि पहिल्या गाण्याला तोंड लावलं. तीन पोट्ट्या, चित्रा आणि सुकवारो टाळ्या वाजवत राहिल्या. शब्द एकीलाही येत नव्हते, पण ताल मात्र म्हातारीनं असा धरला, की इंदूबाई दुसरं गाणं म्हणायला आपसूक उठल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला देवश्री चपला घालत म्हणाली, "आई, आज पाचव्या मजल्यावर, बोस आंटीकडे. तुम्ही चला. गाने तो आप ही को आते हैं."

"मी नाही येत कोणाच्या दारी."

पण चित्रानं लिफ्टचं बटण दाबूनही ठेवलं होतं.

मग रोजचंच झालं. कुरकुर करत इंदूबाई निघायच्या, पण लुगडं दुपारीच घडी मोडून ठेवलेलं असायचं. बोसबाईंना पाहुण्यांना ताटकळत ठेवणं पाप वाटलं; गाणं संपायच्या आत त्यांनी डबा उघडून नारळाचे लाडू पुढं केले. "अवो, आधीच दाखवलं तं ओळखायचं काय, तुमचं तोंड?" इंदूबाई म्हणाल्या, पण लाडू दोन खाल्ले. समोरच्या इमारतीतल्या पंजाबी घरानं खिरापत म्हणजे जेवण समजून छोले-पुऱ्यांची ताटंच मांडली. पुढच्या सेक्टरमधल्या एका घरी देवश्रीनं गाडीतून नेलं, तर त्या घरच्यांना दिवाणखाना अपुरा वाटला. मग सगळ्याजणी बागेत हिरवळीवर बसल्या. वर मोकळं आभाळ, रस्त्यापलीकडच्या रिकाम्या जमिनीवर कासाचं पांढरं गवत फुललेलं, आणि फिरायला आलेल्या अनोळखी बाया येऊन टाळ्यांत हात मिसळत होत्या. इंदूबाईंनी उभ्या जन्मात बागेत बसून गाणं म्हटलं नव्हतं. बाईमाणसानं म्हणायचं ते चार भिंतीत. त्या दिवशी त्यांचा आवाज असा सुटला, की माळ्यानं पाण्याचा नळ बंद केला.

आणि सुकवारोच्या घरी त्या हरल्या. डबा हलवला, हुंगला, "बसते का लोळते?" विचारलं, शंकरपाळे म्हणाल्या, अनारसे म्हणाल्या, गूळपापडी म्हणाल्या.

"नइ!" म्हातारी प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारायची. "हार गेव ना, दीदी?"

डब्यातून खुरमी निघाली. कणीक, गूळ, खोबरं मळून तळलेली, कडक. इंदूबाईंनी एक चावली, डोळे मिटले आणि दुसरी पदराला बांधली. झोपताना देवश्रीला एवढंच म्हणाल्या, "तुह्या त्या दाईले म्हण, इतका गूळ टाकत नसतात." सकाळी पदराच्या गाठीत खुरमी नव्हती.

दसऱ्यानंतर कॉलनीतून गोदावरीबाईंचा फोन आला. चाळीस वर्षांची शेजारीण, आणि तितक्याच वर्षांची चढाओढ.

"काय म्हणते इंदू, त्या जंगलात भुलाबाई बसली का? गायले कोण येते, कोल्हे? परवा इकडं ये. खरी भुलाबाई पाह्यशीन."

'खरी' हा शब्द इंदूबाईंना बोचला. पण मन हललं. आपली माणसं, आपली बोली, आपल्या पोरी. चित्रालाही दाखवू, खरं कसं असते ते. तिसऱ्या दिवशी त्यांनी नागपुरी काठाचं लुगडं नेसलं आणि देवश्रीला म्हणाल्या, "आज मी सांगतो तिकडं गाडी घे."

भनपुरीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत त्या पोचल्या. गोदावरीबाईंची भुलाबाई खरंच देखणी होती. रंगवलेली, फेटेवाल्या भुलोबाशेजारी, म्हणजे शंकराशेजारी, बसलेली, ज्वारीच्या धांड्यांचं मखर केलेलं. समोर चार म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसल्या होत्या.

"पोट्ट्या कोठी गेल्या?" इंदूबाईंनी विचारलं.

"कोठी म्हंजे? एक पुण्यात, एक हैदराबादले. शेजारच्या दोघीइची ट्यूशन." गोदावरीबाईंची नात आतल्या खोलीतून आली, मखराचा फोटो काढून परत आत गेली. "चाल, लावतो मी गाणं."

लावतो म्हणजे मोबाइलवर. फोनमधली बाई सुरात गाऊ लागली, मागं पेटी-तबला. चौघी खुर्चीवरून सावकाश टाळ्या वाजवू लागल्या. इंदूबाईंनी हात मांडीवरून उचललेच नाहीत. गाणं मध्यावर आलं आणि कोणाचा तरी फोन आला. घंटी वाजली, गाणं तुटलं. गोदावरीबाईंनी फोन कापला, पण गाणं काही केल्या परत लागेना.

"पुढचं काय हाय वो?" एकजण म्हणाली.

"जिभेवर हाय, पण..."

सगळ्यांचे डोळे इंदूबाईंकडे वळले. त्यांना येत होतं. पण खुर्चीवर बसून भुलाबाई गायची, हे त्यांच्या मनाला पटेना.

तेवढ्यात खालून, सतरंजीवरून, बारीक आवाज आला.

चित्रानं तुटलेल्या जागीच गाणं उचललं होतं. 'ळ'चा 'ल' होत होता, एका शब्दाला छत्तीसगढी हेल बसला होता, आणि टाळी सुकवारोची, दोन आखूड, एक लांब. पण ओळीमागून ओळ येत होती, एकही गळत नव्हती. ते संपलं, तिनं दम न खाता दुसरं धरलं. भिंतीला टेकून बसलेल्या देवश्रीचे ओठही तिच्याबरोबर हलत होते. हिंदीशिवाय न उघडणारं ते तोंड, आणि त्यात इंदूबाईंच्या आईची गाणी.

दुसऱ्या गाण्याला चारही म्हाताऱ्या खुर्च्यांवरून खाली उतरल्या. गुडघे धरत, एकमेकींना सावरत, सतरंजीवर बसून टाळ्या वाजवू लागल्या.

"ही कोठी शिकली वं इंदू, एवढं?" गोदावरीबाईंनी पदरानं डोळे टिपले. "आमचीले एक ओळ येत नाही."

इंदूबाईंच्या तोंडाशी बढाई तयार होती: माही नात हाय, घरातच शिकली. पण चित्रानंच उत्तर दिलं.

"दाई के घर, बोस आंटी के घर, गार्डन में... सब के घर!"

परतताना अंधार पडला. चित्रा मागच्या सीटवर झोपून गेली. एरवी मागं बसणाऱ्या इंदूबाई आज पुढं बसल्या होत्या. शहर मागं पडलं, रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना कास पांढरा दिसू लागला. देवश्री गाडी चालवत होती.

"देवश्री."

"जी, आई?"

"समोर पाह्य, माह्याकडं नोको पाहू. हे पाह्य, माह्या सासूनं मले कधी बरं म्हटलं नाही. म्हणून मलेबी ते येत नाही, शिकलीच नाही मी. पण सांगून ठेवतो. तुले घर सांभाळता येत नाही. भाजीत मीठ नसते, दिव्यात तेल नसते, पाय एका जागी ठरत नाही. पण पोरी, तुले गाव वसवता येते. ते माह्या सात पिढ्याइत कोणाले आलं नाही, मलेबी नाही. मले आयतं गाव भेटलं होतं, म्हणून मी राणी होतो. तू उजाड माळावर मले माणसं आणून देल्ली. आता रडू नोको, गाडी ठोकशीन."