हुरमतआपांच्या तोंडातलं सोनं

मला दात म्हणावं की दागिना, हे मला स्वतःलाच अजून ठरवता आलेलं नाही, मित्रांनो. मी सोन्याची एक पातळ टोपी आहे. मार्गिलान शहरातल्या हुरमतआपांच्या वरच्या, पुढच्या दातावर मी पस्तीस वर्षं बसलो. दात तिचा, चमक माझी. त्या काळी आमच्याकडे नव्या नवरीच्या तोंडात सोनं चमकलं नाही, तर माहेरचे गरीब आहेत असं लोक समजत. म्हणून तिच्या आईने आपल्या कानातलं वितळवलं, कारागिराने तिचा चांगला धडधाकट दात घासून बारीक केला आणि मला त्यावर बसवलं. चांगला दात का घासायचा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

पण दिवस सुखाचे होते. हुरमतआपा लग्नात बायकांच्या बैठकीत डफ वाजवून गायची. तिने तान घेतली की दिव्याचा उजेड आधी माझ्यावर पडे. बायका म्हणत, "हिचा गळा गातो आणि दात नाचतो." मला फार बरं वाटायचं. गाणं झालं की हिरवा चहा, त्याबरोबर खडीसाखर आणि हलवा. गोडाचं आणि माझं काही वैर आहे असं मला कधी वाटलंच नाही. सोन्याला कीड लागत नाही ना!

पुढे तिला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद करायला सांगितलं. तिने ऐकलं. चहा बिनसाखरेचा येऊ लागला, हलवा यायचा थांबला. नानही अर्धीच यायची. मी दाराशीच बसलेला, आत जाणारा प्रत्येक घास मला ठाऊक. तरीही साखर उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. साखर पुन्हा वर. मी चक्रावून गेलो.

त्याच सुमारास तोंडात विचित्र गोष्टी होऊ लागल्या. जीभ सारखी कोरडी पडे. ब्रश लागला की हिरडीतून रक्त येई. एक शेजारीण म्हणाली, रक्त येतंय तर हात लावू नकोस. दुसरी म्हणाली, लवंग चावून धर. हुरमतआपाने ब्रशच सोडला, नुसत्या चुळा भरू लागली. रक्त थांबल्यासारखं वाटलं, पण माझ्याभोवतीची हिरडी फुगून मऊ झाली आणि मग हळूहळू माझ्यापासून दूर सरकू लागली. ती का रुसली, मला समजेना. माझ्या आतला खरा दात तर कधी काही बोलतच नसे.

घरातही तसंच काही चाललं होतं. सून झेबिनिसो मनाने चांगली, पण सकाळच्या तपासणीचा आकडा पाहून तिचा चेहरा उतरे. एके दिवशी तिने खडीसाखरेची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. हुरमतआपाने ते पाहिलं.

"आई, रागावू नका," झेबिनिसो खालच्या आवाजात म्हणाली, "पण खरं सांगा. आम्ही नसताना काही गोड खाता का?"

"पोरी, या वयात मी खडीसाखरेच्या एका खड्यासाठी खोटं बोलेन?"

"मग आकडा का वाढतो?"

"ते मला माहीत असतं, तर मी डॉक्टरीणबाई झाले असते."

तेव्हापासून हुरमतआपा सगळ्यांबरोबर जेवायला बसेनाशी झाली. माझा जीव तुटत होता. तिने काही खाल्लं नव्हतं याचा मी एकुलता एक साक्षीदार. पण दाताची साक्ष कोण घेणार? मग मलाच शंका येऊ लागली. घास तर येत नाही, मग हे गोड येतं तरी कुठून?

एका लग्नात ती गात असताना मी हललो. अगदी उंच सुरावर. शब्दातला 'स' शिट्टीसारखा बाहेर पडला आणि पोरी हसल्या. हुरमतआपाने बाहीने तोंड झाकलं आणि डफ खाली ठेवला. बाहीवर रक्ताचा डाग होता. झेबिनिसोने तो पाहिला. दुसऱ्याच दिवशी ती सासूला दातांच्या डॉक्टर मुयस्सर यांच्याकडे घेऊन गेली.

मुयस्सरबाईंनी माझ्या कडेने हिरडी हलकेच दाबली. पिवळा पू आला. मी शरमलो. इतके दिवस तो माझ्या बुडाशी साचत होता आणि मी वर चमकत बसलो होतो.

"आपा, तुम्हाला साखरेचा त्रास आहे का?"

"आहे. पण मी तर दात दाखवायला आलेय. त्याचा इथे काय संबंध?"

"साखरेच्या डॉक्टरांना हिरड्यांचं सांगितलंत?"

"दातांचं त्यांना कशाला सांगू?"

मुयस्सरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. साखर वाढलेली राहिली की हिरड्या लवकर सडतात, जखम भरत नाही, असं त्यांनी समजावलं. आणि हिरडीत पू राहिला की साखरही उतरायला मागत नाही. दोन्ही एकमेकांना वर ढकलत राहतात. मग त्या सुनेकडे वळल्या. "या चोरून काही खात असतील असं मला वाटत नाही. एवढा पू मधुमेह असलेल्या कोणाचीही साखर वर नेईल."

झेबिनिसो रडू लागली. हुरमतआपा तिच्याकडे बघत म्हणाली, "रडतेस काय? कुलपाची किल्ली तेवढी दे. पाहुण्यांना चहाबरोबर काय ठेवू?"

आतला दात वाचण्यासारखा नव्हता, त्याच्याखालचं हाड झिजलं होतं. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. ठरलेल्या सकाळी न्याहारी आणि गोळी वेळेवर देऊन, साखर तपासून मगच तो काढला. त्याच्याबरोबर मीही बाहेर आलो. उरलेल्या दातांच्या मुळाशी साचलेला कठीण थर खरवडून काढला. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. हळूहळू सकाळचे आकडे खाली आले. अर्थात गोळ्या आणि पथ्य सुटलं नाही.

आता मी खिडकीत एका वाटीत पडून असतो. हुरमतआपा रोज मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत दात घासते, फटी साफ करते, तोंड कोरडं पडलं की पाण्याचा घोट घेते आणि आरशात हिरड्या निरखते. काढता-घालता येणारा नवा पांढरा दात रात्री काढून धुते. तो माझ्यासारखा चमकत नाही, तरी गाणं व्यवस्थित होतं. याचं मला नवल वाटतं आणि थोडं वाईटही.

मित्रांनो, मला अजून सगळं उमगलेलं नाही. साखर रक्तात, मी तोंडात, मग आमची गाठ पडली कुठे? पण तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल, तर एवढं करा. त्यांच्यावर संशय घेण्याआधी त्यांना तोंड उघडायला सांगा. रक्त येत असेल, हिरडी सुजली असेल, दात हलत असेल, तर दोन्ही डॉक्टरांना सांगा.

परवा झेबिनिसो माझी वाटी पुसायला आली. मला उचलून म्हणाली, "आई, हा विकायचा का?"

"राहू दे," हुरमतआपा म्हणाली. तिच्या हातात चहाचा पेला होता, बिनसाखरेचा, आणि ती सगळ्यांबरोबर जेवायला बसली होती.