कळीचा चुना

बासष्ट सालच्या माघात माझ्या लग्नाचा चुना उकळला नाही, आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांची तोंडं आंबट झाली. बरं झालं. त्यांची तशीच व्हायला हवी होती.

बोनकोड्यात तेव्हा लग्नघर चुन्यानं रंगवायचे. अंगणातल्या खड्ड्यात कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे, टाकायचा आणि सवाष्णीनं त्यावर पाणी ओतायचं. चुना खदखदला की शुभ. माझी आय, जमुना, खाडीकाठच्या भट्टीत शिंपल्या भाजून चुना करायची. अख्खं गाव तिच्या चुन्यानं पांढरं, पण बाबा गेल्यापासून तिच्या हातानं चुना गार पडतो म्हणे!

"वैनी, तू मागल्या दारी बस," दादूकाका म्हणाला. "पानी धोंडू ओतंल." धोंडूबाई म्हणजे माझी काकी.

"माज्या पोरीचं लगीन हाय," आय म्हणाली. तिनं काकीच्या हातातला तांब्या हिसकावला आणि रागारागात खड्ड्यात रिकामा केला.

वाफ नाही, आवाज नाही. चुना नुसता ओला होऊन पडला.

"पायलंत?" काका सगळ्यांकडं वळून म्हणाला. "आता हिनं हलदीलाबी हात लावायचा नाय."

माझं डोकं फिरलं. "मंग मी पाटावर बसनारच नाय!" मी ओरडले. नवरी एवढ्या मोठ्यानं बोलते म्हणून बायकांनी तोंडाला पदर लावले.

आय मात्र खाली बसली. तिनं खड्ड्याच्या कडेचा कोरडा चुना चिमटीत घेऊन चोळला. पीठ. लग्नाचा चुना दिवाळीच्या पाडव्याला घरी आणायचा, हळदकुंकू वाहून टोपलीत उघडा ठेवायचा, झाकला तर लक्ष्मी कोंडते, अशी आमच्या घरची रीत. दिवाळीपासून खाडीची दमट हवा पिऊन तो केव्हाच विरला होता. त्याच्यातली धग हळूहळू निघून गेली आणि कोणाला पत्ता लागला नाही.

टोपलीत उरलेला चुना आयनं खड्ड्यात रिकामा केला आणि भरलेला तांब्या काकीपुढं धरला. "तू सवाशीन ना? ओत."

काकीनं ओतलं. गारच! मी खुशाल हसले.

आय भट्टीवर गेली आणि ताजा भाजलेला चुना डोक्यावर घेऊन आली. जुना चिखल तिनं काकालाच उपसायला लावला. मग नव्या कळ्या टाकून तिनंच पाणी ओतलं. आधी नुसतं चुरचुरलं, मग कळ्या तडातड फुटल्या, खड्डा खदखदू लागला आणि वाफेनं सगळे मागं सरले. काका सगळ्यात आधी.

"भट्टीत शिंपला आग पितो, ती पान्याला परत देतो," आय म्हणाली. "ऊब चुन्यात असते, दादूभावजी. त्याला बाईचं कपाल दिसत नाय."

दुसऱ्या दिवशी भिंती पांढऱ्या झाल्या.

हळदीला मी पाटावर बसले. काकीनं वाटी उचलली, क्षणभर काकाकडं पाहिलं, आणि वाटी आयच्या हातात दिली. आयचे हात चुन्यानं चिरलेले, बोटं खरखरीत. त्याच बोटांनी तिनं हळद लावली. माझा गाल चरचरला. मी दुसरा गाल पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आये, आजून लाव."