दोन बोटांची सोनाटा

तिवदारनी पेन्सिल पियानोवर आपटली.

“पुन्हा. लिहिलंय तसं.”

इल्कानं व्हायोलिन हनुवटीखालून काढलं.

“बाबा, हात घसरवत इतकं वर कशाला जायचं? अनामिका टेकवली की सूर इथंच आहे.”

“मला शिकवतेस?”

“नाही हो. पण अख्ख्या सोनाटात अनामिका नाही, करंगळी नाही. उद्या सेगेडच्या सभागृहात लोक म्हणतील, या पोरीला बोटं...”

ती थांबली. वडिलांच्या डाव्या हातात लोकरी हातमोजा होता. महायुद्धात, रशियातल्या डॉन नदीकाठच्या लढाईत बर्फानं नेमकी तीच दोन बोटं खाल्ली होती. तेव्हापासून तिवदारनी व्हायोलिनला हात लावला नव्हता; फक्त लिहिलं होतं.

इल्कानं व्हायोलिन त्यांच्यापुढं धरलं.

“तुम्ही वाजवा. ही सोनाटा तुमच्याच हातासाठी लिहिलीय.”

ते खिडकीकडं वळले. बाहेर तिसा नदीवर भरदुपारी धुकं बसलं होतं. मग त्यांनी दातांनी मोजा ओढून काढला.

मनातल्या मनात ही सोनाटा त्यांनी वर्षानुवर्षं वाजवली होती, आणि तिथं ती दर वेळी त्यांना भरून आणायची. खोलीत मात्र ती करकरली. उरलेली दोन बोटं सुरांमागून धापा टाकत धावली आणि एकदाही वेळेवर पोचली नाहीत. सोनाटातल्या विलापाच्या जागी बोट तारेवरून निसटलंच. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाजवलं.

“घे,” व्हायोलिन परत देत ते म्हणाले. रबर काढून ते स्वरलिपीवरचे, कुठलं बोट लावायचं ते सांगणारे आकडे पुसू लागले. “तुझ्या हाताला येईल तसं वाजव.”

“बाबा, राहू द्या ना...”

“वाजव म्हणतो ना!”

तिला सगळं पाठच होतं. ती चारही बोटांनी वाजवू लागली. विलाप अलगद उतरला, कुठंही न अडखळता. तिवदारना आपलीच रचना परक्याची वाटली. आणि आपण लिहिली होती त्याहून चांगली.

शेवटचा सूर विरतो न विरतो तोच शेजारच्या बोरबालामावशी खसखशीच्या रोलची थाळी घेऊन दार ढकलत आत आल्या.

“आत्ता कसं गोड वाजलं! मघाशी कोण गं ते? मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं?”

तिवदार हातमोजा परत चढवू लागले.

“मीच, मावशी,” इल्का म्हणाली. “बोटं गारठली होती.”