बोलणारा घट आणि उपाशी आया

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून, जिन्यावर, दारात, जिकडे पाहावं तिकडे पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. सगळ्यांचे कान त्या पितळी घटाकडे. बुवा तो एकेकीच्या पोटावर ठेवत, डोळे मिटत, आणि घटातून आवाज येई: धक्... धक्... धक्.

"गर्भाचं हृदय बोलतंय, ऐका. आई अर्धपोटी, तर बाळ हलकं. बाळ हलकं, तर हृदयाला ओझं नाही. शंभर वर्षांची हमी."

सासूबाईंबरोबर आलेल्या धाकट्या सुनेचा, धाकटीचा, नंबर लागला. घट तिच्या पोटावर टेकला आणि मुका झाला.

"काय खाल्लंस?"

सातव्या महिन्यातली बाई काहीतरी खाणारच. पण धाकटीला वाटलं, यांना सगळं दिसतं. "एक अंडं," ती पुटपुटली.

"तरीच. आता नुसती पेज, बाकी पाणी."

सासूबाईंनी हात जोडले. सासरे चाळिशीतच हृदयविकाराच्या झटक्यानं शिवणयंत्रावर मान टाकून गेले होते, आणि धाकटीच्या नवऱ्याच्या उशाशी आत्तापासूनच रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. ही साखळी आपल्या बाळापाशी तुटावी, एवढंच धाकटीचं मागणं. त्यासाठी ती उपाशी राहायला काय, निखाऱ्यावर चालायलाही तयार होती.

थोरली जाऊ आणि ती एकाच शिवणखोलीत गरोदर बायकांचे झगे शिवत. पेजेवर काही दिवस निघाले, आणि एका दुपारी धाकटीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सुई बोटातून आरपार गेली.

"दोऱ्यासारखी झालीस गं," थोरली चिंधी बांधत म्हणाली. "सुईत ओवू का तुला? ऊठ, दवाखान्यात चल."

डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप धरली. पुन्हा धरली. कपाळाला आठी पडली. "बाळ महिन्याच्या मानानं लहान आहे. जेवतेस काय तू?"

धाकटीनं सांगितलं. घटाचंही सांगितलं, सासऱ्यांचंही.

"उलटं गणित आहे ते," बाई म्हणाल्या. "पोटात कमी पडलं की बाळ काटकसरीनं वाढतं. मेंदूला आधी पुरवतं, मूत्रपिंडं न्‌ रक्तवाहिन्यांच्या वाट्याचं कापतं. अशी मुलं मोठी झाली की रक्तदाबाचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. तुमच्या घराण्यात तो आधीच आहे, मग तू तर जास्तच जपायला हवंस."

"पण घटात मी कानांनी ऐकलंय, बाई. तुमची टेप काही बोलत नाही."

बाईंनी पोटाला बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र लावलं. खोलीभर टप्‌टप्‌टप्‌टप्‌, घोडा उधळल्यासारखं. धाकटी घाबरली. "एवढं भरभर? घटात तर..." तिनं टेबलावर बोट आपटून दाखवलं. धक्... धक्.

"हे मोठ्या माणसाचे ठोके झाले. पोटातल्या बाळाचं हृदय जवळजवळ दुप्पट वेगानं चालतं."

धाकटीनं बोट मागं घेतलं. मग घटात कोणाचं हृदय होतं?

पुढच्या बैठकीला थोरली रांगेत उभी राहिली. शिवणखोलीत झग्याचं माप बसवायला कापसाचं पोट होतं, ते तिनं साडीखाली बांधलं होतं. धाकटी तिच्या मागेच उभी होती. घट खोटा ठरला तर आपण बाळाला उपाशी मारत होतो, आणि खरा ठरला तर देवाची थट्टा करत होतो.

"काय खाल्लंस?" बुवांनी विचारलं.

"काही नाही बुवा. नुसतं पाणी."

घट खणखणीत बोलू लागला. "ऐका, तपस्विनीचं बाळ," डोळे मिटूनच बुवा गहिवरले.

थोरलीनं एका हातानं घट उचलला, दुसऱ्यानं गाठ सोडली, पोट काढून पाटावर ठेवलं आणि घट त्यावर टेकवला. धक्... धक्... धक्. कापूस धडधडत होता.

"श्रद्धा असेल तर कापसातही..." बुवा चाचरले.

"कितवा महिना लागलाय कापसाला, बुवा?"

कोणी हसलं नाही. धाकटी पुढे झाली. तिनं घट उलटा केला, बुडाचं झाकण फिरवलं. आत काडेपेटीएवढा स्पीकर होता. बुवा गडबडून उठले, तशी थोरलीनं त्यांची गादी उचलली. खाली, पायाचा अंगठा टेकतो तिथं, एक बटण होतं. आवाज त्या अंगठ्याच्या मर्जीवर चालत होता.

बुवा मागच्या दाराकडे सरकले. तिथे सासूबाई उभ्या होत्या. "बसा," त्या म्हणाल्या. "पोलीस येईतो तुम्हीही नुसतं पाणी प्या."

रांगेतल्या एका फिकट मुलीनं धाकटीचा पदर धरला. "ताई, मी दोन महिने अर्धपोटी आहे. माझ्या बाळाचं काय गं होईल?"

"मला ठाऊक नाही," धाकटी म्हणाली. "माझंही ठाऊक नाही. पण दिवस अजून हातात आहेत. घरी जा, डाळ, भाजी, दूध, जे असेल ते पोटभर जेव. उद्या दवाखान्यात ये, मीही येणार आहे. आणि कोणी काही ऐकवलं तर आधी विचार, हे कशातून येतंय. तू विचारलं नाहीस, तर त्याचं मोल तुझं बाळ मोजेल."