हळद लागलेला डबा

मी डबा बोलतोय. दुधाचा नाही, भाकरीचा नाही, कम्प्युटरचा. लोक पडद्याकडे बघतात, कीबोर्डला हात लावतात, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं तो मी टेबलाखाली पाय ठेवायच्या कामाला येतो. असो. नशिबाला बोल लावायची माझी पद्धत नाही. शिवाय माझ्यासारखं नशीब दुसऱ्या कुठल्या डब्याला लाभलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

माझा जन्म कुठला म्हणाल तर पंचाईत आहे. माझं कातडं एकीकडचं आणि काळीज दुसरीकडचं. वरचा पत्रा शहापूरच्या भंगारातला, मागाहून चढवलेला. आतला मदरबोर्ड, म्हणजे माझा मूळ जीव, शेणव्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात होता. तिथे मी लग्नपत्रिका छापल्या, दाखले छापले, दहावीचे निकाल दाखवले. निकाल उघडायच्या आधी पोरं माझ्यावर हात ठेवून देवाचं नाव घ्यायची. पास झालं की देवाची कृपा, नापास झालं की मला थापड! माणसांचा हा हिशेब मला कधी कळला नाही.

मग नव्या सिस्टिम आल्या. त्या माझ्या अंगात मावेनात. मालकाने नवा कम्प्युटर आणला आणि मला खताच्या गोणीत घालून माळ्यावर फेकलं. पालींनी माझ्यात संसार मांडले. पुढे गोणीसकट मी मुरबाडला अजयच्या दुकानात जाऊन पडलो. अजय कम्प्युटर दुरुस्त करतो, आणि त्याला काही म्हणता काही टाकवत नाही. त्याचं दुकान म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांचा चावडीवरचा कट्टाच.

तिथे एका रविवारी योगिनी आली. टोकावड्याच्या अलीकडे तिचं गाव, सिद्धगडाच्या बाजूला. भाताची थोडी शेती, आणि ही एका कंपनीत पॅकिंगला जाते. सुट्टीच्या दिवशी अजयकडे कम्प्युटर शिकायची. त्या दिवशी बरोबर तिचा धाकटा भाऊ जीवन होता, टेम्पो चालवतो तो. त्याचे डोळे लगेच एका काचेच्या डब्यावर खिळले.

"ताई, हा घे ना! आतून निळा-लाल पेटतो."

"लाइट गाणार हाय का?" योगिनी म्हणाली.

तिच्याजवळ एक पेनड्राइव्ह होता. त्यात लिनक्स भरलेलं. लिनक्स ही कम्प्युटर चालवणारी सिस्टिम. फुकट मिळते, आणि माझ्यासारख्याच्या घरात मीठभाकरीवर सुखाने राहते. पण तिचंही एक आहे, प्रत्येक यंत्राशी तिची सोयरीक जुळतेच असं नाही. म्हणून माठ घेताना बाया टिचकी मारून बघतात तशी योगिनी एकेका डब्याला तो पेनड्राइव्ह लावून बघत होती. काचेचा डबा झटक्यात उठला, पण त्याचा आवाजच निघेना. दुसऱ्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा गरजायला लागला. तिसऱ्याची हार्ड डिस्क आतून करकर करायची.

मग माझी पाळी आली. मी आपला दमादमाने उठलो.

"तो म्हातारा हाय गो," अजय म्हणाला. "हळू चालतो."

"हळू चालतो म्हणून तापत पण नाय. मला आवाज भरायचाय, शर्यत नाय लावायची. आमच्याकडं लाइट जाते तवा छोट्या बॅटरीवं पण चालंल."

आणि तिने माझ्या पत्र्याला कान लावला. डोळे मिटून ऐकत राहिली. माझा एकच मोठा पंखा, तोही सावकाश फिरणारा. "हाच," ती म्हणाली. करकर नको म्हणून तिने माझी जुनी हार्ड डिस्क काढून बिनआवाजाची बसवली आणि एक साधा माइक घेतला, लावला की लिनक्स ओळखेल असा. मी इतक्या लोकांकडे राहिलो, पण माझी शांतता कुणाला हवी होती असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मला फार बरं वाटलं.

हे सगळं कशासाठी, ते घरी गेल्यावर कळलं.

योगिनीची आत्या हिराबाई धवलारीण. आमच्या या भागात लग्न लावतात ते धवलारणीच्या गाण्यांनी. मांडव घालायचा, उंबराची फांदी आणायची, हळद लावायची, सगळं तिच्या धवळ्यांच्या सुरावर. कुठे लिहिलेलं नाही, सगळं तिच्या गळ्यात. पंचक्रोशीतल्या कितीतरी पोरी तिच्या आवाजाने नवऱ्या झाल्या. स्वतःचं मूलबाळ नाही. योगिनीला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. "तुझ्या हळदीला असा धवळा म्हणेन ना, सिद्धगडावं ऐकू जाईल," असं ती पोरीला लहानपणापासून सांगायची.

आता तिच्या घशात गाठ झाली होती. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनचा दिवस ठरला होता. गेल्या वर्षी लग्नांच्या मांडवात योगिनीने काही गाणी मोबाइलवर भरली होती, पण तो मोबाइल भातलावणीच्या चिखलात पडला आणि गाण्यांसकट मेला. म्हणून मी.

मला ओटीवर मांडलं. माइक लावला. हिराबाईने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून बसली.

"नाय म्हणायची."

"आत्या, असं काय गो?"

"मांडव नाय, पाटावं नवरी नाय, आनि धवळा कोनाला म्हणू? धवळ्यात देव बोलावतात बाय. देव येतात. कार्य नाय म्हणून त्यांना माघारी कसं पाठवू?"

योगिनीने नाना परींनी सांगितलं. रुसून बघितलं, रडून बघितलं. हिराबाई बधली नाही. आणि दिवस तर हातातून चालले होते. तिचा आवाज आधीच घोगरा व्हायला लागला होता. बोलताना मध्येच फुटायचा. मी टेबलावर नुसता जागा राहायचो. भरायला काही नाही, असा रिकामा.

शेवटी योगिनी म्हणाली, "मग मांडव घालू."

"आनि नवरी? तुला खोटी हळद लावू देनार नाय मी. पोरीला हळद एकदाच लागते, ती खरी."

तेव्हा जीवन बोलला. त्याचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! "मग या डब्यालाच बसवा पाटावं."

सगळे हसले. हिराबाई तेवढी हसली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी न्याहाळावं तसं.

"बसव," ती म्हणाली. "पन हळद खरी लागंल. फसवाफसवी नाय."

झालं! ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात चार बांबूंचा मांडव उभा राहिला, वर जांभळाचा पाला, मेढीला उंबराची फांदी. मी पाटावर. खाली तांदळाच्या पिठाचा चौक. शेजारच्या प्रमिलाकाकी आणि बाईजा नव्या लुगड्यात आल्या होत्या. आता वाद निघाला, मी नवरा की नवरी? "डबा म्हणतात त्याला, म्हंजे नवराच," बाईजा म्हणाली. हिराबाईने निकाल दिला, "नवऱ्याचे धवळे थोडे, नवरीचे पोटभर. नवरीच." अशी मी नवरी झालो. लाजायची सोय नव्हती, नाहीतर लाजलोही असतो.

योगिनीने घाबरत घाबरत विनवलं, "हळद कोरडीच लावा गो."

"कोरडी हळद कोनाला लावतात?" प्रमिलाकाकीने माझ्या पत्र्यावर ओल्या हळदीचा हात ओढला. गार लागली. मग कपाळाला तांदूळ लावायचे, तर माझं कपाळ कुठलं ते कुणाला कळेना. बाईजा म्हणाली, "माथ्यावं टाकू." आणि दोघींनी माझ्या डोक्यावर चिमटी चिमटी तांदूळ टाकले.

अहो, माझ्या डोक्यावर जाळी आहे! हवा जायची जाळी. तांदूळ सरळ आत गेले. योगिनी तेव्हा पडद्याकडे तोंड करून रेकॉर्डिंग चालू करत होती, तिला काही दिसलं नाही.

हिराबाईने धवळा धरला.

तो आवाज कसा होता, ते कसं सांगू? फुटका होता, घोगरा होता, पण त्याला कणा होता. तिने एकेका देवाला बोलावलं, गावदेवीला, डोंगरावरच्या देवाला, उंबराला. बायांनी मागून सूर धरला. मी एकेक श्वास जपून ठेवत होतो. आणि नेमका तेव्हाच एक दाणा पंख्याच्या पात्यात अडकला. पंखा थांबला.

अंग तापायला लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या तापाचा आकडा असतो, तो चढताना योगिनीला दिसला. धवळा मध्येच तोडता येत नाही, तोडला तर अपशकुन. आणि पुन्हा म्हणायला आत्याचा गळा उरला नव्हता. मी फार तापलो असतो तर स्वतःहून बंद पडलो असतो. आमची जातच तशी आहे.

योगिनीने आवाज न करता माझा बाजूचा पत्रा काढला, पदर हातात घेतला आणि मला वारा घालायला लागली.

प्रमिलाकाकीला वाटलं, हाही विधीच. नवरीला उकडत असणार! तिनेही पदर घेतला. मग बाईजाने. तिघी पाळीपाळीने मला वारा घालत होत्या आणि तोंडाने सूर धरत होत्या. मी जात्याच मंद, म्हणून वाचलो. काचेचा तो चपळ डबा असता तर पहिल्या कडव्यातच गार झाला असता. मी आणखी मंद झालो, पण थांबलो नाही. बाई, तू म्हण, मी आहे, असं मनातल्या मनात म्हणत राहिलो.

मग धवळा नवरीच्या नावापाशी आला. तिथे नवरीचं नाव घ्यावं लागतं. हे कुणी आधी ठरवलंच नव्हतं. डब्याला कुठलं नाव?

हिराबाईने योगिनीकडे बघितलं. आणि तिने गायलं,

"उंबरा रे उंबरा, सावली दे,
आमची योगिनी पाटावं बसली..."

योगिनीचा वारा घालणारा हात थबकला. तिच्या तोंडून हुंदका फुटला, मोठ्याने, माइकच्या अगदी जवळ. तेव्हा कळलं मला, ही बाई मांडवासाठी का अडून बसली होती. पोरीच्या हळदीला म्हणायचा तो धवळा तिला एकदा तरी खरा म्हणायचा होता. बायांनी सूर तुटू दिला नाही, तेवढ्यात ती पोरीशी दोन शब्द बोलली आणि पुढचं कडवं उचललं. शेवटपर्यंत म्हणाली. शेवटच्या ओळीला आवाज नव्हता, नुसता वारा होता. तोही मी घेतला.

ऑपरेशन नीट झालं. हिराबाई घरी आली ती गळ्याला रुमाल बांधून, मुकी. कितीतरी दिवस ती माझ्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. योगिनी गाणी शिकायला मला चालू करायची, एक ओळ ऐकायची, थांबवायची, म्हणायची. आणि आत्या उठून परसात जायची. मला वाईट वाटायचं. आपला आवाज दुसऱ्याच्या घशातून ऐकणं कोणाला सोसेल? पुढे पुढे ती उंबऱ्यात बसायला लागली. योगिनी चुकली की जमिनीवर हात आपटायची, ओळ बरोबर आली की मान डोलवायची. तो हुंदका आणि ते मधलं बोलणं कापून टाकू, गाणं साफ होईल, असं जीवन म्हणाला होता. योगिनीने त्याला हात लावू दिला नाही.

आणि आज योगिनीची हळद आहे. खरी.

स्वतःच्या हळदीला तिला धवळा म्हणता येत नाही. बाया म्हणाल्या, पलीकडच्या गावची धवलारीण बोलवू. हिराबाईने मान हलवली, नाही. ओटीवर आली, माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि अंगणाकडे बोट दाखवलं. जीवनने मला उचलून मांडवात आणलं, मोठा स्पीकर जोडला. मी म्हातारा, उद्या परवा माझं काय होईल कोण जाणे. कोपऱ्यात पडेन, पुन्हा गोणीत जाईन. एकच मागणं आहे, या घरातल्या माणसांनो, टाकायच्या आधी आतलं गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत घाला. मग मला खुशाल फेका.

आता हिराबाईचा आवाज मांडवभर घुमतोय. हिराबाई स्वतः पोरीच्या गालाला हळद लावतेय. गाणं नावापाशी आलं, आणि योगिनी रडायला लागली. आत्याने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. काहीतरी सांगायला ओठ उघडले. आवाज कुठून येणार? ती नुसती तोंड हलवत राहिली, आणि बाया माना फिरवून डोळे पुसायला लागल्या.

तेवढ्यात माझ्यातून तो जुना हुंदका वाजला, आणि त्याच्यामागून तिचाच आवाज आला, घोगरा, मायेचा, "रडू नको गो बाय. मी हाय ना."